कानांनी वाचणाऱ्यांची मराठी



दिवाळी अंकांच्या पीडीएफ आपण हौसेने एकमेकांना पाठवतो. माझ्या अंध मावसभावाला त्यातलं बरंचसं ऐकूच येत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ फोटो. स्क्रीनरीडरला त्यात अक्षरच सापडत नाही. ओसीआर करता येतं, पण जोडाक्षरांची वाट लागते. युनिकोडपूर्व फॉन्ट असेल तर आणखीच मजा: पडद्यावर शुद्ध मराठी, कानात रोमन अक्षरांची खिचडी!

कायदा आता आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतात अपंगांसाठी सुलभ प्रती बनवायची मुभा मिळाली. २०१३ च्या माराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता दिली ती भारतानेच (अमेरिका आली २०१९ मध्ये). अशा प्रती अधिकृत संस्थांमार्फत देशाबाहेरही जाऊ शकतात. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर तर फुकट आहे, मराठीही वाचतो.

घोडं अडलंय मजकुरापाशी. तेव्हा मंडळाच्या स्मरणिकेचं काम तुमच्याकडे असेल, तर मजकूर युनिकोडमध्येच घ्या आणि पीडीएफसोबत ईपब किंवा साधी वर्ड फाइलही द्या. फोटोंना दोन ओळींचं वर्णन जोडलंत तर दुधात साखर.