राजवाडा कोणी जाळला?

इंदूरचा राजवाडा १८०१ साली जळाला, तो इंग्रजांच्या हातून नव्हे. दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे फौज घेऊन आले आणि त्यांनी शहर लुटून पेटवलं. त्याच्या काही महिने आधीच यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला होता. उज्जैन-इंदूर अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर!

या दोन घराण्यांचे मूळपुरुष, राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर, बाजीरावांच्या एकाच जरीपटक्याखाली वाढले. १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घ्यायला दोघेही चिमाजीअप्पांच्या मदतीला धावले. माळव्याचा मुलूख त्यांच्यात वाटून दिला तो पेशव्यांनीच. मग बिनसलं कुठे?

मोगल सत्ता ढासळत होती. धाकात ठेवणारा समोर कोणी उरेना आणि उत्तरेची खंडणी तर अफाट. जयपूरच्या गादीच्या भांडणात शिंदे एका भावाचे, होळकर दुसऱ्याचे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा, अहिल्याबाईंचे पती खंडेराव, तोफेच्या गोळ्याने गेला. बाप सूडाने पेटलेला, आणि सांगतात की जयाप्पा शिंद्यांनी वेढ्यात अडकलेल्या सूरजमल जाटाची पगडी स्वीकारून त्याला भाऊ मानलं. ही सल मला साऱ्या तहनाम्यांपेक्षा खोल वाटते.

पुढे १७८४ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचे मुखत्यार झाले. द बॉयन या फ्रेंच भाषक सेनानीने त्यांना कवायती पलटणी उभ्या करून दिल्या. तुकोजी होळकरांनी बरोबरीसाठी दुद्रनेक नावाचा फ्रेंच अधिकारी नेमला. १७९३ मध्ये लाखेरीच्या खिंडीत या दोन मराठी फौजा एकमेकींवर तोफा डागत होत्या. होळकर हरले.

दोस्तांची अशी फाटाफूट दुसऱ्या महायुद्धानंतरही झाली. १९४५ च्या एप्रिलमध्ये एल्ब नदीवर अमेरिकन आणि रशियन सैनिक गळाभेट घेत होते; १९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी सुरू झाली. तिथेही शत्रू कोसळला, मधे रिकामा मुलूख उरला आणि तो कोणाचा, हा प्रश्न दोस्तांनाच पडला. फरक एवढाच की अणुबॉम्बच्या भयाने त्या दोघांनी समोरासमोरचं युद्ध टाळलं. आपल्याकडे आवर घालायला होता फक्त पेशवा, आणि तोही एका बाजूला झुकला. दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं.

१८०२ च्या दिवाळीत विठोजींचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले. हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव कोकणात पळाला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. कुठे? वसईला! राणोजी-मल्हारराव ज्यासाठी एकत्र लढले, त्याच वसईला.

१८०३ मध्ये असईच्या मैदानावर शिंदे-भोसले इंग्रज सेनानी वेलस्लीशी झुंजले, तेव्हा यशवंतराव आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी मॉन्सनच्या इंग्रज फौजेला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवलं. तोवर शिंदे इंग्रजांच्या तहात अडकले होते.