वहीला शेवटचे पान होते

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली येथील कित्येक पेढ्यांवर आजही वहीची पूजा होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' रेखाटतात, हळदकुंकू वाहतात, गिऱ्हाइकांच्या हातावर पेढा ठेवतात. फरक एवढाच, की पूजा आटोपल्यावर ती वही कपाटात जाते ती पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी उघडत नाही. हिशेबाचे काम केव्हाच संगणकाकडे गेलेले असते. काही दुकानांतून तर वहीशेजारी संगणकालाही हार घातलेला दिसतो. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या साधनावर पोट चालते त्याचा मान राखावा, हाच या पूजेमागील भाव आहे. परंतु वही गेली तेव्हा तिच्याबरोबर एक मोलाची शिस्तही गेली आणि तिची हळहळ कोणालाच वाटली नाही, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

वहीला शेवटचे पान होते. ते आले की जुनी वही बंद करून नवी घालावी लागे. नवी घालताना प्रत्येक खात्याची बाकी पुढे ओढावी लागे आणि बाकी ओढताना प्रत्येक नावापाशी व्यापाऱ्याला क्षणभर थांबावे लागे. ही उधारी पुढे न्यावयाची की बुडीत धरावयाची? नारळ आणि सुपारी यांचा व्यवहार वाढला, तर त्यांची खाती आता वेगळी करावीत काय? वर्षातून एकदा व्यापारी केवळ पैसा मोजत नसे, पैसा मोजण्याची आपली रीतही तपासून घेत असे. संगणकातील हिशेबाला शेवटचे पान नाही. वर्ष सरले की साऱ्या बाक्या आपोआप पुढे जातात, आणि त्यांच्याबरोबर जुन्या चुका, एकाच माणसाची तीन नावांनी उघडलेली खाती आणि कधीच्या काळी ठरवलेली मोडकी रीत, हेही सारे पुढे जाते.

वास्तविक गोमंतकातील व्यापाऱ्याला हिशेबाची रीत बदलणे नवे नाही. १९५९ साली पोर्तुगीज अमदानीतील रुपिया जाऊन एस्कुद आला, तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुद करून त्याने आपल्या वह्या नव्याने मांडल्या. ते अंगवळणी पडते न पडते तोच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपयात पुन्हा सगळी मांडणी करावी लागली. पुढे १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. प्रत्येक वेळी कुरकुर झाली, पण प्रत्येक वेळी बदलही झाला. मात्र हे सारे बदल बाहेरून, सरकारी हुकुमाने आले. धंदा आतून वाढला आणि पालटला, म्हणून आपण होऊन हिशेबाची रीत बदलणारे व्यापारी तुलनेने थोडेच आढळतात.

देशातील असंख्य दुकानांत आज वापरले जाणारे टॅली हे सॉफ्टवेअर कसे जन्मास आले, ते या संदर्भात आठवण्यासारखे आहे. श्यामसुंदर गोएंका हे कापडगिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी. आपल्या व्यवहाराला जुळेल असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी आपला मुलगा भरत याला ते तयार करावयास सांगितले. १९८६ साली या उद्योगाची सुरुवात झाली. आधी धंद्याची गरज, मग साधन, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. पुढे या पितापुत्रांच्या कंपनीने आपली कृतीही तशीच ठेवली नाही. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिचे रूप बदलले. करणाराच जी वस्तू वारंवार बदलतो, ती वापरणाऱ्याने मात्र एकदा घेतली की जन्मभराची, असे मानावे, हे सयुक्तिक नव्हे.

उदाहरणादाखल किनाऱ्याजवळचे एखादे हॉटेल डोळ्यांपुढे आणावे. प्रारंभी खोल्या आठ, कामाला घरचीच माणसे. त्या वेळी घेतलेले साधे सॉफ्टवेअर तेवढ्या व्यापाला पुरून उरत होते. पुढे खोल्या ४० झाल्या, तळमजल्यावर उपाहारगृह निघाले, धाकट्या भावाने दुसऱ्या गावी शाखा काढली, निम्मी आरक्षणे मोबाइलवरून निरनिराळ्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत येऊ लागली आणि प्रत्येकीचे कमिशन निराळे. सॉफ्टवेअर मात्र आठ खोल्यांचेच राहिले. मग स्वागतकक्षातील मुलगा आरक्षणांसाठी स्वतःची वही घालतो, आचारी मासळीची खरेदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपतो आणि हिशेबनीस रात्री जागून एक्सेलच्या तक्त्यात या साऱ्याचा मेळ घालू पाहतो. डिसेंबरअखेर ऐन गर्दीत एकच खोली दोघांना दिली जाते. पाहुणा सामानासह दारात उभा राहतो, तेव्हा कोठे मालकाच्या लक्षात येते की काहीतरी चुकते आहे. तोवर चूक तीन वर्षांची जुनी झालेली असते.

या दुखण्याची लक्षणे ओळखणे अवघड नाही. संगणक असूनही माणसे आपापल्या खासगी वह्या ठेवू लागली, एकच आकडा तीन ठिकाणी लिहावा लागू लागला, कोठारातला माल आणि पडद्यावरचा माल कधीच जुळेना, महिन्याचा मेळ पुढच्या महिन्याच्या पंधरवड्यापर्यंत लांबू लागला, तर साधन धंद्याला अपुरे पडू लागले असे खुशाल समजावे. सगळ्यांत मोठी खूण वेगळीच आहे. 'या महिन्यात नफा कशात झाला आणि तोटा कशात?' हा साधा प्रश्न मालकाने विचारला आणि उत्तरासाठी तीन दिवस थांबावे लागले, तर हिशेब लिहिला जातो आहे खरा, पण त्याचा उपयोग उरलेला नाही.

कायदाही आता या बाबतीत गाफील राहू देत नाही. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला द्यावयाच्या बिलाची सरकारी संकेतस्थळावर नोंद करून क्रमांक घेण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीसाठी आली. ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. म्हणजे काल ज्याला हा नियम लागू नव्हता, त्याला केवळ धंदा वाढल्यामुळे तो लागू होतो. तीच गोष्ट भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करणाऱ्यांची. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतील फेरफाराचा माग तारखेसह राहिलाच पाहिजे आणि तो कोणालाही बंद करता येता कामा नये. मागील तारखेला जाऊन गुपचूप आकडा सुधारण्याची जुनी सवय यापुढे चालणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, त्याचा अनुभवही बोलका आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर १२ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला; परंतु त्याच वेळी त्या खोल्यांसाठी केलेल्या खरेदीवरील कराची वजावटही गेली. बिलावरचा दर बदलणे हे एका आकड्याचे काम होते. पण ज्यांच्याकडे या मर्यादेच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही खोल्या आहेत, त्यांना चादरी, साबण, दुरुस्ती यांचा खर्च कोणत्या खोल्यांकडे गेला हे वेगळे दाखवणे भाग पडले. ज्यांची सारी खरेदी एकाच खात्यावर पडत होती, त्यांना आपली मांडणी किती तोकडी आहे हे तेव्हा उमगले.

आता दुसरी बाजू. जुने तोकडे पडले म्हणून बाजारातील सर्वांत मोठे आणि महाग साधन उचलून आणावे, हाही शहाणपणा नव्हे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीने सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून कोठार, विक्री आणि हिशेब यांची नवी प्रणाली घाईघाईने १९९९ च्या उन्हाळ्यात सुरू केली. लगेच पुढे हॅलोवीनचा सण, म्हणजे मिठाईच्या विक्रीचा हंगाम. माल तयार असूनही तो दुकानांपर्यंत पोचवता आला नाही आणि सुमारे दहा कोटी डॉलरची मागणी पुरी करावयाची राहिली. जर्मनीतील लिडल या दुकानसाखळीचा धडा वेगळा आहे. मालाची किंमत खरेदीभावाने धरण्याची तिची रीत, तर नव्या प्रणालीची मांडणी विक्रीभावाची. कंपनी आपली रीत सोडीना, म्हणून प्रणालीलाच ठिगळे लावीत राहिली. सात वर्षांनंतर, सुमारे ५० कोटी युरो खर्चून झाल्यावर, २०१८ मध्ये तो सारा प्रकल्प गुंडाळावा लागला. हे धनाढ्य होते म्हणून तगले. आपल्याकडील कुटुंबाच्या पेढीवर अशी वेळ आली, तर ती पुन्हा उभी राहणे कठीण.

मग करावयाचे काय? प्रथम आपले काम कसे चालते ते कागदावर लिहून काढावे. माल आला की कोण मोजतो, बिल कोण करतो, उधारीला संमती कोण देतो, हे सारे त्यात यावे. पुष्कळदा असे आढळेल की दोष साधनाचा नसून कामाच्या वाटणीचा आहे. तेथे नवे सॉफ्टवेअर घेऊन पैसा व्यर्थ जाईल. कित्येकदा असेही दिसेल की जे हवे ते जुन्याच प्रणालीत आहे, मात्र कोणी शिकून घेतलेले नाही. दोन्ही पाहून झाल्यावर बदल अटळ ठरला, तर विक्रेत्याला एक प्रश्न आधी विचारावा: उद्या तुम्हाला सोडून जावयाचे झाले, तर माझा सगळा हिशेब मला वाचता येईल अशा रूपात परत मिळेल काय? वर्षाला भाडे भरून वापरावयाच्या प्रणालींच्या या काळात हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे. हिशेब आपला आणि किल्ली दुसऱ्याची, अशी अवस्था होता कामा नये.

जुनी नावे, मेलेली खाती, दुहेरी नोंदी निवडून काढल्याशिवाय काहीही नव्या घरात नेऊ नये. निदान एक-दोन महिने जुने आणि नवे जोडीने चालवून आकडे ताडून पाहावेत. आणि हर्शीची चूक टाळावी: हंगामात हात घालू नये. हिशेबाचा भाग १ एप्रिलपासून सुरू करणे सोयीचे. पण आरक्षण आणि कोठार यांचा बदल आमच्या किनारपट्टीवर पावसाळ्यातच करावा. त्या महिन्यांत खोल्या रिकाम्या असतात आणि माणसांना शिकावयास सवड असते.

माणसांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. अशा बदलात सर्वांत आधी ज्याचा विसर पडतो, तो पेढीवरचा जुना हिशेबनीस. नवी प्रणाली म्हणजे आपल्याला रजा, असे त्याला वाटते आणि म्हणून तो तिला मनातून विरोध करतो. मालकाचा इंजिनिअर मुलगा त्याला अडाणी ठरवतो. परंतु कोणते गिऱ्हाईक चतुर्थीनंतरच पैसे देते, कोणता पुरवठादार वजनात मारतो, हे कोणत्याही संगणकाला ठाऊक नसते. ते या माणसाला ठाऊक असते. निवडीच्या पहिल्या बैठकीत त्याला बसवावे. तो बोलला तर साधन योग्य निवडले जाईल, आणि निवडीत त्याचा हात असला तर तो ते मनापासून चालवील.

पूजेची वही कपाटात आहे, ती तशीच असू द्यावी. फक्त यंदा पूजा आटोपल्यावर ती लगेच मिटू नये. तिच्या पहिल्या पानावर, 'श्री'च्या खाली, एवढेच लिहावे: गेल्या वर्षात आपला धंदा कोठे पालटला आणि आपला हिशेब कोठे तसाच राहिला. पुढच्या पावसाळ्यात ते पान उघडून पाहावे. संगणकाला शेवटचे पान नसले, तरी व्यापाऱ्याने ते स्वतः घालून घेण्यास कोणाचीही आडकाठी नाही.