बटण कुणी दाबलं?

वार्षिक सभेचा अहवाल टाइप करत होते. बावीस पानं झाली होती, चार वाजेपर्यंत छापखान्यात पोचवायचा होता. आणि वर्ड बंद पडलं. पुन्हा उघडलं, चार ओळी लिहिल्या, पुन्हा गायब! तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, तुमच्याकडूनच काहीतरी भलतं बटण दाबलं गेलं असणार."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल. मीही इतकी वर्षं "असेल बाई" म्हणून गप्प बसत आले. पण त्या दिवशी कॉम्प्युटरवाला बाहेरगावी, त्यामुळे सगळं माझ्यावरच आलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि मग वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का विचारेल, येस म्हणा."

तसं केलं आणि काय आश्चर्य, अहवाल उघडला, बंदही पडेना! आधी तो छापखान्याला धाडला, मग कारण शोधायला बसले.

घरात फ्यूज उडाला की आपण काय करतो? सगळ्या पिना काढतो आणि एकेक लावून बघतो. इस्त्री लावली आणि फ्यूज गेला, तर दोष इस्त्रीचा. इथंही तेच. सेफ मोडमध्ये वर्ड एकटंच उघडतं, बाहेरून जोडलेली ॲड-इन्स बाजूला राहतात. म्हणजे दोष त्यांच्यात असणार. मग नेहमीसारखं वर्ड उघडून लगेच फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं गेले. खाली कॉम ॲड-इन्स निवडून 'गो' दाबलं, सगळ्या खुणा काढल्या आणि एकेक परत लावत गेले. तिसऱ्याला चोर सापडला. आदल्या आठवड्यात पीडीएफसाठी कुणीतरी एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यानं वर्डमध्ये गुपचूप बिऱ्हाड थाटलं होतं! ते कुणी टाकलं, हे मी विचारलं नाही. मागचा आवाज आपोआप गप्प झाला होता.

सेफ मोडमध्येही बंद पडलं तर? नवं कोरं पान उघडून बघा. ते नीट चालत असेल तर ती फाइलच बिघडलेली असू शकते. फाइल उघडायच्या चौकटीत 'ओपन' बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून 'ओपन अँड रिपेअर' निवडा. आणि एक, वर्ड आपणहून दर १० मिनिटांनी प्रत जपून ठेवतं. ऑप्शन्समध्ये 'सेव्ह'खाली जाऊन ते अंतर कमी करता येतं. मी २ मिनिटं केलंय. तरी कंट्रोल आणि एस दाबायची सवय हवीच, झोपण्याआधी गॅसचं बटण बघतो तशी.

आता ऑफिसात काही बंद पडलं की हाक येते, "मॅडम, जरा बघता का?"

मी बघते. पण बटण कुणी दाबलं, हे मात्र विचारत नाही.