चव नक्की कुठे बदलते?

होस्टेलमधली सकाळ म्हणजे दुधात बोर्नव्हिटा ढवळायचा आणि लेक्चरला पळायचं! एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी त्यातल्या साखरेवर व्हिडिओ काढला आणि देशभर वाद पेटला. वर्षअखेरीस कंपनीने वरून घातलेली साखर सुमारे 14 टक्क्यांनी कमी केली.

मग "आधीची मजा नाही राव" असं का वाटतं? कारण जीभ हा सेन्सर, पण त्याचं कॅलिब्रेशन सवयीने होतं. गोडी किती यापेक्षा नेहमीपेक्षा किती कमी, हे आपल्याला आधी जाणवतं. 1985 मध्ये कोका-कोलाने सुमारे 2 लाख लोकांना चाखवून नवा फॉर्म्युला आणला. चाचणीत तो जिंकला, बाजारात मात्र लोक खवळले! 79 दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. चाचणीत होता नुसता घोट. घरी होती वर्षानुवर्षांची आठवण.

आपण मात्र जुनी चव परत मागू नये, असं मला वाटतं. कमी गोडाची सवय हळूहळू लागते, आणि मग जुनाच कप अतिगोड वाटतो. तोवर धीर धरा, डब्यावरचं लेबल वाचा. नाहीतर मेसमधली चमचाभर साखर वरून घालून ते 14 टक्के आपणच भरून काढू!