चाळीस पानी वही

ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचं घड्याळच वेगळं असतं. आमचे हे हिंगणघाटहून कापसाच्या गाठी घेऊन हैदराबाद रोडला लागले, की इकडे अल्लीपुरात माझी झोप उडते.

गेल्या वर्षी फिटनेस संपलेली गाडी रस्त्यात पकडली गेली. दंड कापला कोणाच्या पगारातून? यांच्याच! "फिटनेस संपला, बरेक कमी लागते, हे मी कवाच सांगतलं होतं," हे म्हणाले. मालक म्हणाले, "मला कुठं सांगितलं? कागद पाहूनच गाडी काढायची असते." सगळं तोंडी, दाखवणार काय? सलग सोळा तास गाडी चालवली, तेही तोंडीच.

त्या रात्री पोरीच्या दप्तरातली कोरी वही काढली. आता यांचा फोन आला की लिहिते : किती वाजता निघाले, कुठे थांबले, माल भरायला किती तास गेले, गाडीचं काय बिघडलं, मालकांना कधी सांगितलं.

मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाचे 8 आणि आठवड्याचे 48 तास ठरवले होते. नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता आली, दिवसाचे 8 तास तिच्यातही आहेत. आणि आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस लागतंच.

पुढच्या हिशेबाला हे वही घेऊन गेले. मालक चिडले, पण पानं उलटली. कापलेले पैसे गेले ते गेलेच. ब्रेकचं काम मात्र त्याच आठवड्यात झालं.

"वही लिहून काय होते वं?" शेजारीण विचारते.

माय, ब्रेक लागते न!