बंदुकीच्या गावातली गस्त

1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जबलपूरच्या रांझीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. काही दिवसांतच मात्र आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन आदळला: नव्या कायद्यात घरात शिरलेल्या अनोळखी माणसाला बेधडक गोळी घालता येते. खाली अंगठ्यांची रांग. धादांत खोटं! स्वसंरक्षणाची जुनी 96 ते 106 ही कलमं नव्या संहितेत 34 ते 44 झाली. 'रात्रीची घरफोडी'च्या जागी 'सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी' आलं. बाकी गाभा तोच. मला टोचले ते अंगठे.

जुना इतिहास झटपट उरकतो. 1837 साली मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा मसुदा केला तेव्हा इथले लोक दरोडेखोरांपुढे फार लवकर मान तुकवतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क मुद्दामच ऐसपैस ठेवला. त्या सुमारास ब्रिटिश अधिकारी स्लीमनसाहेब जबलपुरातून ठगांचा बंदोबस्त करत होते. 1860ला कायदा झाला, 1904ला आमची गन कॅरेज फॅक्टरी आली, 1942ला खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना. या सगळ्यात थांबावं असं एकच ठिकाण: कटनी, मार्च 1950.

कटनी तेव्हा जबलपूर जिल्ह्यात होती, 1998 पर्यंत राहिली. निर्वासित सिंधी आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल पेटली. जमावाने एका दुकानदाराच्या इमारतीचा शेजारचा भाग लुटला, तिथली बायकामुलं जीव मुठीत धरून त्याच्याकडे आली आणि त्याच्याही दारावर लाठ्या बसू लागल्या. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक जण मेला, तिघे जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं. 1952 साली 'अमजद खान विरुद्ध राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, आमच्या नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, यांनी त्याला सोडलं. अशा वेळी माणसाची कृती सोन्याच्या काट्यावर तोलायची नसते. दार मोडून पडेपर्यंत त्याने वाट बघायला हवी होती असंही नाही. ग्रुपवरचे वकील एवढंच सांगतात. त्याने गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं नाही, हेही त्याच निकालात आहे. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

माझं दशक नव्वदीचं. व्हेइकल फॅक्टरीच्या पाळ्या, भोंगा, सायकलींचा लोंढा. खमरियाच्या रेंजवर चाचणीचा बार उडाला की कपाटातल्या बशा खणखणत. दिवसभर तोफा, गोळे आणि लष्करी ट्रक बनवणाऱ्या या गावात घरी बंदूक असलेला माणूस हाताच्या बोटांवर मोजावा. कच्छा-बनियान टोळीची आवई उठली की गस्त लागायची. लाठी, शिट्टी, टॉर्च. रात्रपाळीच्या माणसाला गस्तीतून सूट. तक्रार करणाऱ्याला मात्र एक फेरी जास्त.

22 मे 1997च्या पहाटे भूकंप झाला आणि अख्खी वस्ती अंगणात खाटा टाकून झोपू लागली. त्यातल्याच एका रात्री फौजेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांच्या फाटकाची कडी वाजली. एक माणूस खाटांमधून वाट काढत आत येत होता. त्यांच्या उशाशी परवान्याची दोनाली. ती उचलून ते ओरडले, "कौन है?" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडल्यावर कापऱ्या आवाजात विचारणा आली, "भैया, बत्तीस नंबर कौन-सा है?" भूकंपाची बातमी ऐकून मामाला बघायला इटारसीहून आलेला पोरगा. क्वार्टर सगळे एकसारखे, वीज गेलेली. गस्तवाल्यांनी त्याला मामाच्या दारात नेऊन सोडलं. सकाळी टपरीवर दोघे महाभाग म्हणाले, "चला देनी थी, रात में घुसा था." त्यांतला एक आज ग्रुपचा अॅडमिन आहे.

त्याच दशकात अमेरिकेत बॅटन रूजला सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीचं घर चुकला आणि परक्या घरमालकाच्या गोळीने मेला. ते 1992. फौजदारी ज्युरीने मालकाला सोडलं. दिवाणी न्यायालयाने मात्र साडेसहा लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. 1999 साली इंग्लंडात नॉरफोकच्या एका शेतकऱ्याने घरफोड्यांवर गोळ्या झाडल्या. पाठीत गोळी लागून मेलेला मुलगाही सोळाचाच, आणि हा खरोखरच चोरीला आलेला. शेतकऱ्याला खुनाची शिक्षा झाली, अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली. वाट चुकलेल्याला मारणारा सुटला, चोराला मारणारा आत गेला.

आपला कायदा त्या मानाने शहाणा. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा जिवाची वाजवी भीती घालणारी चोरी, या प्रसंगी कलम 41 प्राण घेण्यापर्यंत मुभा देतं. पण कलम 37 म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. कलम 43प्रमाणे घरफोडीविरुद्धचा हक्क घुसखोरी चालू असेतोवरच. कुंपण ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो सूड झाला.

2021च्या ऑक्टोबरात आमचे कारखाने चालवणारा आयुध निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. गस्त त्याआधीच संपली होती. ज्यांना एकमेकांच्या मामा-भाच्यांची नावं ठाऊक होती ती माणसं पांगली. आता फाटकावर कॅमेरा आहे, आणि त्यात दिसणारा प्रत्येक अनोळखी चेहरा आधी चोर ठरवून ग्रुपवर टाकला जातो. "कौन है?" विचारायची तसदी कुणी घेत नाही.

2016च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण लागतं. त्यात अर्जदाराकडून 37 आणि 43 ही दोन कलमं तोंडपाठ म्हणवून घ्यावीत, चुकला तर अर्ज परत करावा. आणि सुरुवात आमच्या अॅडमिनपासून करावी.