खिचडीत सापडलेले सामान्यज्ञान

आज तुम्हांला एक कोडे घालतो. उद्या एकादशी आहे असे समजा. घरात साबुदाण्याची खिचडी होणार. काय काय काढून ठेवाल? साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाटा, जिरे, तूप, मीठ. आता सांगा, यांतले किती जिन्नस ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी आपल्या मुलखात होते?

हे कोडे मला एका शाळेत सुचले. मी तिथे पाहुणा म्हणून गेलो होतो. नाताळच्या सुट्टीचा विषय निघाला, आणि एक ख्रिस्ती मुलगा मामाकडे जायच्या आनंदात काही सांगू लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "ह्यांचा सण परका, त्याचं नावबी परकं!" पोरे हसली. तो मुलगा खाली पाहू लागला. दटावता आले असते. पण दटावल्याने असली गोष्ट डोक्यातून जात नाही, नुसती दप्तरात लपते. मी खडू उचलला आणि फळ्यावर खिचडी लिहून काढली.

तुमचे उत्तर काय आले? जिरे, तूप आणि मीठ, एवढेच ना? बरोबर. बाकी सगळी मंडळी अमेरिका खंडातली. बटाटा पेरूच्या डोंगरांतला, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची. कोलंबस 1492 साली त्या बाजूला पोहोचला. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, आणि 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या गलबतांबरोबर ही पिके जगभर फिरली, तशी आपल्याकडेही आली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. काजूही त्यांनीच ब्राझीलहून आणला.

साबुदाण्याची गोष्ट आणखी गमतीची. मूळचा साबुदाणा मलायाकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या पिठाचा. आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, आणि हा कंदही अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल बंद पडला, तेव्हा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला याचे कारखाने वाढले. रताळे आणि राजगिराही तिकडचेच. वरी मात्र आपल्या बाजूची, तिला उगाच नावे ठेवू नका! उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंद चालतात, म्हणून हे नवे पाहुणे त्या पंगतीत सहज बसले असावेत, असे मला वाटते.

"मग गुरुजी, मिरची यायच्या आधी कालवण तिखट कशानं करायचे?" एका मुलीने विचारले. फार चांगला प्रश्न. मिरे, पिंपळी आणि आले यांनी. मिरची आली, ती कोणाच्याही परसात उगवू लागली, आणि मिऱ्याचेच नाव थोडे बदलून आपण तिला देऊन टाकले.

आता राहिले 'नाताळ'. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'जन्म', म्हणजे येशूचा जन्मदिवस. वास्को द गामा हिंदुस्थानकडे येत असताना 1497 च्या नाताळात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ होता. त्याने त्या किनाऱ्याला सणाचेच नाव दिले. शिक्षक बंधूंनो, गांधीजींच्या चरित्रात 'नाताळ' येते ते हेच! तिथेच 1894 साली त्यांनी नाताळ इंडियन काँग्रेस काढली. ब्राझीलमध्येही नाताळ नावाचे शहर आहे. ते 1599 साली 25 डिसेंबरलाच वसले. नकाशा असेल तर मुलांना दोन्ही शोधू द्या. आणि चहाबरोबर पाव खाताना सांगा, की हा शब्दही त्याच गलबतातून उतरला.

एवढ्यात तो गप्प बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "मग सिनेमाबी परकाच का?"

यंत्र परके खरे. पण त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या चरित्रावरचा एक चित्रपट पाहिला, आणि त्यांना पडद्यावर श्रीकृष्ण दिसू लागला. आपले देव असे हलताबोलताना आपल्या लोकांना का दिसू नयेत? बोलपट तेव्हा नव्हते, हे ध्यानात घ्या. बोलायचे काम पाट्यांवर होते. फाळके 1912 साली लंडनला जाऊन हे तंत्र शिकून आले. भांडवल द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत बी पेरले आणि ते कसे रुजते, वाढते, याचे थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहता पाहता रोप वर आले. शेतकऱ्याला यात नवल कसले? पण पैसेवाल्यांना वाटले! पुढे 3 मे 1913 रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. ते काम साळुंके नावाच्या तरुणाने केले, आणि तो होता खाणावळीतला नोकर. म्हणजे आपली गोष्ट फिरून स्वयंपाकघरातच आली. याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता, दोघांचीही कामे केली. हे ऐकून वर्गात असा काही गलका झाला, की सुट्टीची घंटा कोणाला ऐकू आली नाही. मागच्या बाकावरचा तो पोरगा मात्र ख्रिस्ती मुलाला विचारत होता, "तुझ्या मामाकडं खायला काय काय करत्यात रं?"